अक्षरांच्या आधाराने



आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनी आम्ही दोन शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. सिनेगॉगचा इतिहास इतर वक्ते सांगतीलच. आम्ही एका कवितेची हकीकत सांगणार आहोत. ती १९९५ साली याच सभागृहात पाच जणांनी मिळून लिहिली. त्या पाचांपैकी आज आम्ही दोघेच उरलो आहोत.

४ नोव्हेंबर १९९५, शनिवार. शब्बाथ संपला होता, हवदाला झाली होती. तेल अवीवच्या मलखे इस्राएल चौकात शांततेसाठी मोठी सभा भरली होती. पंतप्रधान यित्झहाक राबिन यांना गाण्याबिण्याची सवय नव्हती, तरी हातात कागद धरून ते इतरांबरोबर ‘शीर लाशालोम’ गायले. कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि मोटारीकडे निघाले, तोच पाठीमागून गोळ्या सुटल्या. इखिलोव्ह रुग्णालयात त्यांचा अंत झाला.

बातमी आली तेव्हा घरोघरी पहिला प्रश्न एकच होता, मारणारा कोण? उत्तर मिळाले आणि बोलती बंद झाली. मारणारा ज्यू होता, कायद्याचा विद्यार्थी, वय २५.

आमच्यातील मावशी त्या रात्री म्हणाल्या, “माझ्या जन्मात हे दुसऱ्यांदा बघते आहे.” ३० जानेवारी १९४८ रोजी त्या मुंबईत होत्या. गांधीजी गेल्याचे ऐकताच चाळीत हाच प्रश्न झाला होता, मारणारा कोण? आणि तो निघाला पुण्याचा, आपल्यासारखीच मराठी बोलणारा. मावशी तेव्हा लहान होत्या. पण आईने त्या रात्री चूल पेटविली नाही, एवढे त्यांना पक्के आठवत होते.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ओस्लोच्या करारावरून आपल्या सिनेगॉगातही दोन तट होते. प्रार्थना आटोपून बाहेर पडले की वादावादी सुरू. राबिन यांच्याविषयी दोघा जणांनी जे शब्द वापरले होते, ते या पवित्र जागी उच्चारण्यासारखे नाहीत. आज उरलेले आम्ही दोघे ते हेच. रविवारी संध्याकाळी मिन्हाच्या आधी तासभर आम्ही येथे येऊन बसलो. घरी बसवेना.

कविता लिहावी ही कल्पना नानांची. ते कुलाबा जिल्ह्यातले, हाडाचे शाळामास्तर. ते म्हणाले, “रडायचे तर रीतीने रडू. बिरड्याच्या सणाला जमिनीवर बसून आपण विलापगीत वाचतो, ते कसे रचले आहे? पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात २२-२२ कडवी, आलेफपासून तावपर्यंत. आलेफला सुरुवात केली की तावला थांबावेच लागते. आपण ‘क’पासून निघू.”

मराठीत का, असे आम्हांला नंतर मुलांनी विचारले. हिब्रू आम्ही उल्पानमध्ये शिकलो. बाजारहाट, दवाखाना, कारखाना सारे त्याच भाषेत चालते. पण त्या रात्री तोंडातून “अरे देवा” हेच निघाले. जे निघाले त्यातच लिहिले. चाल मावशींनी दिली, जात्यावरच्या ओवीची.

सोमवारी, ६ नोव्हेंबरला, हर हर्ट्झेलवर अंत्यविधी झाला. जॉर्डनचे राजे हुसेन आले होते, अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन आले होते. पण आमच्या मनात राहिले ते एतान हाबेर. राबिन यांच्या खिशातला तो गाण्याचा कागद, रक्ताने माखलेला, त्यांनी हातात धरून वाचला. त्या संध्याकाळी दोन ओळी झाल्या:

गाण्याचा कागद खिशात होता घडी घातलेला,
घरच्याच हाताने तो रक्तात भिजविला.

येथेच भांडण लागले. भांडणच म्हणतो, चर्चा नव्हे. एक जण म्हणाले, “घरच्याच हाताने हे शब्द काढा. सुतकाचे सात दिवस आहेत, घराची अब्रू चव्हाट्यावर कशाला?” मग नानांनी यिर्मयाचे पुस्तक उघडले. गदल्याला मारणारा कोण होता? इश्माएल, नथन्याचा मुलगा, राजवंशातला. मिस्पा येथे दोघे एकत्र जेवले आणि मग त्याने घात केला. संदेष्ट्याने बापाच्या नावासकट सारे लिहून ठेवले, आणि रोश हशानाच्या पाठोपाठ गदल्याचा उपास आपण आजतागायत धरतो. लपविले असते तर उपास कशाचा धरला असता?

आम्ही दोघे गप्प होतो. त्या हाताला बळ देणाऱ्या शब्दांत आपलाही एखादा शब्द होता की काय, हा विचार दोघांच्याही मनात होता. शेवटी आम्हीच म्हणालो, ओळ राहू द्या. मारेकऱ्याचे नाव मात्र घालायचे नाही, यावर सर्वांचे एकमत झाले.

‘घ’नंतर ‘ङ’. या अक्षराने मराठीत शब्दच सुरू होत नाही. ‘ञ’चे तेच, ‘ण’ शाळेत ‘बाणाचा ण’ म्हणून शिकविला तो याचसाठी, आणि ‘ळ’ही तसाच. नानांनी त्या चार ओळी कोऱ्या ठेवल्या. वाचताना तेथे थांबायचे, मनात चार अंक मोजायचे आणि पुढे जायचे. लिहायला आम्हांला तीन आठवडे लागले. ‘ठ’ने दोन दिवस घेतले.

तिसाव्या दिवशी येथे मावशींनी कविता म्हटली. ‘घरच्याच हाताने’ म्हणून त्या थांबल्या, तेव्हा हज्जानांना वाटले की पान हरवले. ते उठून शोधायला लागले! पण मागच्या बाकांवर दोन्ही तटांची माणसे होती आणि कोणी हालले नाही. त्यानंतर वादावादी बंद झाली असे नाही. काही शब्द मात्र पुन्हा ऐकू आले नाहीत.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी, सिमहात तोराच्या शब्बाथला, सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्यानंतर आम्ही ती वही पुन्हा काढली. नाना नव्हते, मावशी नव्हत्या. ‘क’ची ओळ झाली. ‘ख’ला अडलो, ते आजवर अडलोच आहोत.

वही कपाटात तेफिल्लाच्या पुस्तकांशेजारी आहे, पेन्सिल आतच आहे. मंगळवारी मिन्हाच्या आधी आम्ही दोघे येथे बसलेले असतो. ज्यांना ‘ख’ सुचेल त्यांनी यावे.