बाटलीतली माशी

गेल्या आश्विनात जवळच्या वाडीचे एक वृद्ध शेतकरी आमच्या कॉलेजात आले. आम्ही सारे त्यांना आबा म्हणतो. हातात काचेची बाटली, तोंडाला फडके बांधलेले आणि आत एक भली मोठी माशी. म्हणाले, "सर, हिनं गुरं हैराण केली. कुडावरच धरली. दुकानातनं विषारी औषध आणलंय, उद्या गोठाभर मारतो. पण म्हटलं, आधी विचारावं."

मी भाषा शिकवणारा. माशीतले मला काय कळणार? पण त्या गोठ्यात लहान वासरू होते, आणि वासरू दिसेल ते चाटते. तेव्हा आबांना घेऊन मी प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे गेलो.

त्यांनी एकदम नाव सांगितले नाही. माझ्या हाती भिंग दिले आणि म्हणाले, "आधी पंख मोजा." पंख निघाले दोन, त्यांच्यामागे टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन गाठी, उडताना तोल सांभाळणाऱ्या. इथे आपली भाषा जरा फसवते बरं का! मधमाशी, गांधीलमाशी यांनाही आपण माशीच म्हणतो. पण त्यांना पंख चार. खऱ्या माशीला दोनच. मग चेहरा पाहिला. दोन टपोऱ्या डोळ्यांच्या मधे खोलगट भाग, त्याखाली राठ केसांची दाढीमिशी, आणि आखूड, मजबूत सोंड. पाय काटेरी, पोट निमुळते. "ही लुटारू माशी," सहकारी म्हणाले. इंग्रजीतले रॉबर फ्लाय हे नावही त्याच अर्थाचे. जगात हिच्या ७,००० हून अधिक जाती आहेत, आणि गुरांच्या रक्ताशी यांतल्या एकीचाही संबंध नाही.

आबांना हे पटेना. "मग माझ्या गोठ्यात करती काय?"

प्रश्न रास्त होता. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही दोघे गोठ्यासमोर बसलो. कुंपणाच्या वाळक्या काटकीवर तसलीच एक माशी बसली होती. आपण निवांत बसतो तशी नव्हे. समोरून काही उडाले की मान वळायची. एकदम झेपावली, हवेतच एक घरमाशी काटेरी पायांत पकडली आणि पुन्हा त्याच काटकीवर येऊन बसली. ती सोंड खुपसून सावजाच्या अंगात लाळ सोडते. त्या लाळेने सावज लुळे पडते, आतले मांस पातळ होते, आणि तेच ती शोषून घेते. थोड्या वेळाने रिकामे टरफल खाली पडले. आबा हळूच म्हणाले, "म्हणजे ही आमच्या गोठ्यात शिकारीला येती."

हिची अळीही शिकारीच. मातीत किंवा कुजक्या लाकडात राहते आणि भुंगेऱ्यांच्या अळ्यांसारखे किडे खाते. मात्र हिला देवता करू नका. ती मधमाश्याही पकडते. मधाच्या पेट्या असतील तर तिथून तिला हाकलावेच. आणि मुठीत धरलीत तर कडकडून चावेल. शिक्षकांनी मुलांना ती बाटलीतूनच दाखवावी.

मग गुरांना चावणारी कोण? तीही सापडली, गाईच्या पायावर. रुंद डोक्याची, जाडजूड. गावोगावी नावे निराळी, बहुतेक ठिकाणी गोमाशीच म्हणतात. हिची मादीच रक्त पिते. नर फुलांतल्या रसावर जगतो. कातडी कापून ती वाहते रक्त चाटते, आणि एका जनावरावरून दुसऱ्यावर जाताना सर्रा रोगाचे जंतू नेते. हे जंतू ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली पंजाबात शोधले. हिच्या पुष्कळ जातींच्या अळ्या ओल्या चिखलात वाढतात. आबांच्या गोठ्यामागे हौदाचे पाणी सांडून बारमाही राड झालेली होती.

आबांनी ती राड उपसून चर काढला. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करू लागले. गोमाश्या गेल्या असे नाही, आबा म्हणतात कमी झाल्या. औषधाची बाटली मात्र दुकानदाराने परत घेतली नाही. ती आता घरात उंच फळीवर आहे, पोरांचा हात पोचणार नाही अशी.