जिथं रस्ता पोचत नाही, तिथला मुक्काम

आज आपण लांबच्या मुलखात मुक्कामाला जाऊ.

कॅनडाच्या उत्तरेला नुनावुत नावाचा बर्फाळ प्रदेश आहे. इनुइट लोकांचा मुलूख. तिथं २५ गावं, पण एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता नाही. माणसं विमानानं येतात. जड सामान उन्हाळ्यात, समुद्राचा बर्फ वितळला की जहाजानं येतं.

मग परगावची नर्स, मास्तर किंवा मिस्त्री आला, तर उतरणार कुठं? लहान गावात हॉटेल एखादंच. काही ठिकाणी भाडं खोलीचं नाही, माणशी असतं. गर्दी असली, तर अनोळखी बाईसोबत खोली वाटून घ्यायची. बाहेर खाणावळ नसते, म्हणून जेवणही तिथंच. बूट दाराशी काढायचे. जमीन कायम गोठलेली, त्यामुळं बहुतेक गावांत नळाची लाईन पुरता येत नाही; टँकर येऊन घराची टाकी भरतो. अंघोळ बेतानंच करायची. टँकरच्या पाण्याचं मोल तुम्हाला काय सांगायचं!

आणि हिमवादळ आलं, की विमान बंद. दोन दिवसांचा मुक्काम आठवड्यावर जातो. म्हणून जाणारा माणूस औषधं आणि पैसे जास्तीचे बांधून घेतो.

आता खरी गोष्ट ऐका. यातली बरीच हॉटेलं गावकऱ्यांच्या सहकारी संस्थांची आहेत. किंगाइट गावानं १९५९ साली अशी संस्था काढली, ती गावातल्या कलाकारांची चित्रं विकते. पुढं गावोगावच्या संस्था एकत्र आल्या. त्यांची हॉटेलं 'इन्स नॉर्थ' या एका नावानं चालतात. गावातलं दुकानही बऱ्याचदा त्याच संस्थेचं. नफा उरला, तर त्यातला वाटा सभासदांना मिळतो. म्हणजे पाहुण्यानं दिलेल्या भाड्यातून स्वयंपाक करणारीचा, खोल्या झाडणारीचा पगार निघतो आणि उरलेलंही गावाच्या संस्थेत राहतं.

आपल्याकडंही कोकणात, किल्ल्यांच्या पायथ्याला घरोघरी पाहुणे उतरतात. तुमच्या गावात उतरत असतील, तर गटाच्या पुढच्या बैठकीत वहीत दोन रकाने आखा. पाहुण्याचा किती पैसा गावात राहिला? किती बाहेर गेला? दुसरा रकाना मोठा निघाला, तर त्यावर बोला.

येते मी. नमस्कार.