लव्हबर्ड : एक पाळावा की जोडी?

(पारनेर येथे पशुपालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांच्या हट्टापायी आता वस्तीवरच्या घरांतही लव्हबर्डचा पिंजरा येऊ लागला आहे. एकच पाखरू आणावे की जोडी, हा प्रश्न पैसे देण्यापूर्वीच सोडवावा.

प्रथम पाखरू ओळखा. बाजारात लव्हबर्ड म्हणून पुष्कळदा बजरीगर विकतात. तो ऑस्ट्रेलियातला, शेपूट लांब, पाठीवर बारीक पट्टे. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. शेपूट आखूड, चोच जाड. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवू नये. लव्हबर्ड बजरीगरला चावून जायबंदी करतो. आपल्याकडील रानपोपट पाळणे मात्र वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. डोळ्याभोवती पांढरे कडे असणाऱ्या फिशर लव्हबर्डची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते.

लव्हबर्ड थव्याने राहणारा पक्षी आहे. जोडीदार एकमेकांच्या डोक्यावरची पिसे साफ करतात, नर मादीला घास भरवतो. एकट्या पाखराला ही सोबत माणसाने द्यावी लागते. असे पाखरू लवकर माणसाळते, हे खरे. पण कांदा लागवड किंवा ज्वारीची काढणी सुरू झाली की आपले घर सकाळी बंद होते ते दिवस मावळताना उघडते. रोज दोन-तीन तास जवळ बसणारे माणूस नसेल, तर एकटे पाखरू सारखे ओरडते, स्वतःची पिसे उपटते. पिसे उपटणे रोगानेही होते. म्हणून आधी पशुवैद्यकांना दाखवा.

जोडी म्हणजे पिल्ले, असे समजू नका. घरटी पेटी लावली नाही, तर वीण बरीच आटोक्यात राहते. उलट, कोंबडीप्रमाणे एकटी मादीही नराशिवाय अंडी घालते. अंडे अडकून मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली, तर ताबडतोब दवाखाना गाठा. चुन्यासाठी समुद्रफेस किंवा उकळून वाळवलेली अंड्याची टरफले ठेवा.

घरी एक पाखरू असेल, तर दुसरे एकदम आत सोडू नका. नवे पाखरू ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे. मग दोन्ही पिंजरे १० ते १५ दिवस शेजारी ठेवावेत. नंतर दोघांना नव्या पिंजऱ्यात दिवसा, नजरेसमोर सोडावे. रक्त निघाले तर लगेच वेगळे करावे. नर-मादी दिसायला बहुधा सारखेच असतात. दोन माद्या असतील तर भांडण अधिक होते.

जोडीसाठी पिंजरा निदान ८० सें.मी. लांब असावा. राळा, बाजरी यांबरोबर कोथिंबीर, मेथी द्यावी. पिंजरा चुलीच्या धुरापासून दूर ठेवावा. पोल्ट्री असणाऱ्यांनी तो शेडजवळ टांगू नये. राणीखेत रोग दोन्हीकडे जाऊ शकतो. पाखरे हाताळून शेडमध्ये जाताना हात धुवावेत, चपला बदलाव्यात.

नीट सांभाळल्यास लव्हबर्ड १० ते १५ वर्षे जगतो. म्हणजे हट्ट करणारे मूल मोठे होऊन शिकायला बाहेरगावी गेले, तरी पाखरू घरातच असते. म्हणून दिवसभर घरी माणूस नसेल तर जोडीच पाळा, आणि जोडी सांभाळणे झेपत नसेल तर पाखरू आणूच नका.