बॅलिनाहिंचचें मार्टिन घराणें व त्याची जमीनदारी
(दुष्काळनिवारणार्थ भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



दुष्काळपीडितांच्या साहाय्यार्थ भरलेल्या या सभेंत आयर्लंडांतील एका जमीनदार घराण्याची वंशावळ सांगण्याचें प्रयोजन काय, अशी शंका आपणांपैकीं कांहींच्या मनांत येईल. प्रयोजन हें कीं, या सभेस व्यापारी आहेत, जमीनदार आहेत व दातेहि आहेत. आणि आम्ही ज्या घराण्याविषयीं बोलणार, तें व्यापारानें उदयास आलें, जमिनीनें थोर झालें, दयाळूपणानें प्रसिद्धीस आलें, व तरीहि एका दुष्काळांत आपल्या कुळांसह बुडालें. त्याच्या ठायीं दया होती. मग उणें कशाचें होतें, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉल्वे हें जुनें बंदर आहे. मध्ययुगांत तेथील व्यापार व नगराचा कारभार चौदा घराण्यांच्या हातीं असे. मार्टिन हें त्यांपैकीं एक. नगराच्या पश्चिमेस डोंगर, तळीं व दलदल यांनीं व्यापलेला कॉनेमारा नांवाचा मुलूख आहे. तो मूळचा ओफ्लाहर्टी या आयरिश सरदारांचा. सतराव्या शतकाच्या मध्यास क्रॉम्वेलच्या स्वारीनंतर जमिनींच्या जप्त्या झाल्या व मालकीहक्कांची उलथापालथ झाली. त्या धामधुमींत रिचर्ड मार्टिन नांवाच्या एका कायदेपंडितानें ओफ्लाहर्टींच्या विस्तीर्ण जमिनी आपल्या ताब्यांत आणिल्या. लोक त्यास 'चपळ डिक' म्हणत. हा पुरुष आमच्याच धंद्यांतला, हें आम्ही लपवीत नाहीं. स्वतः कॅथॉलिक असूनहि त्यानें इ. स. १६९८ मध्यें तिसऱ्या विल्यम राजाकडून त्या जमिनींची सनद करून घेतली. मूळच्या मालकांच्या कुळांतील इतिहासकार रॉडरिक ओफ्लाहर्टी हा मात्र दारिद्र्यांत मरण पावला.

चपळ डिकचा पणतू रिचर्ड मार्टिन (१७५४–१८३४). पार्लमेंटाचीं द्वारें त्या काळीं कॅथॉलिकांस बंद असल्यामुळें बापानें त्यास प्रॉटेस्टंट म्हणून वाढविलें. तो हॅरो व केंब्रिज येथें शिकला, द्वंद्वयुद्धांबद्दल गाजला, आणि पुढें गॉल्वेचा प्रतिनिधि म्हणून पार्लमेंटांत बसला. गुराढोरांस निर्दयपणें वागविणारास शिक्षा देणारा १८२२ चा कायदा त्याच्याच खटपटीनें झाला. १८२४ सालीं लंडनमध्यें प्राणिरक्षणाची जी सुप्रसिद्ध मंडळी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतहि तो होता. 'दयाळू डिक' हें नांव त्यास तेव्हांपासून चिकटलें.

त्याची जमीन सुमारें २,००,००० एकर होती. परंतु दस्तऐवज वाचण्याची ज्यांस संवय आहे, त्यांस हें सांगावयास नकोच कीं, जमिनीची लांबीरुंदी ही एक गोष्ट व तिचें उत्पन्न ही दुसरी. बराचसा मुलूख नापीक, खर्च राजासारखा, आणि निवडणुका म्हणजे पैशाचा ओघ. तेव्हां इस्टेट गहाणांनीं भरून गेली. पार्लमेंटाच्या सभासदास कर्जासाठीं अटक करतां येत नसे. १८२६ ची त्याची निवडणूक पुढल्या वर्षीं रद्द होतांच तें कवच गळून पडलें, व सावकारांच्या भयानें तो फ्रान्समध्यें बुलोन येथें जाऊन राहिला. तेथेंच १८३४ सालीं तो वारला. मुलगा टॉमस मार्टिन यास जमिनीबरोबर तें ऋणहि वारशानें मिळालें. आणि पुढें त्यांतील मोठा भाग लंडनच्या 'लॉ लाइफ' या विमाकंपनीच्या हातीं गेला.

१८४५ सालीं बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि १८४६ सालीं तें पीक जवळजवळ समूळ गेलें. कॉनेमाऱ्यांतील गरीब कुळांचें तेंच एक अन्न. आतां कायद्याची गांठ पाहा. ज्या जमिनीची वार्षिक आकारणी चार पौंडांपर्यंत असेल, तिजवरील गरीबपट्टी कुळानें न देतां जमीनदारानें भरावी, असा १८४३ पासून नियम होता. कॉनेमाऱ्यांत अशा लहान जमिनींचाच भरणा. म्हणजे खंड येणें थांबलें, पट्टी वाढली, आणि गहाणाचें व्याज तर कोणासाठींच थांबत नाहीं.

अशा स्थितींतहि टॉमस मार्टिन आपल्या लोकांस सोडून गेला नाहीं. क्लिफ्डनच्या अनाथगृहांत असलेल्या आपल्या कुळांची विचारपूस करावयास गेला असतां त्यास दुष्काळांतला ज्वर जडला, व एप्रिल १८४७ मध्यें तो मरण पावला. त्याची एकुलती कन्या मेरी वारस झाली. 'कॉनेमाऱ्याची राजकन्या' म्हणून ओळखली जाणारी ही विदुषी कादंबऱ्या लिहीत असे. तिनेंहि अन्नवस्त्रांवर खर्च केला. पण तो खर्च जेथून करावयाचा, ती जमीन आधींच दुसऱ्याची होऊन चुकली होती. बेल्जममध्यें लेखणीवर निर्वाह करून ती पतीसह अमेरिकेस निघाली. प्रवासांत अकालीं प्रसूत झाली, आणि १८५० सालीं न्यूयॉर्क येथें निवर्तली.

१८४९ च्या कायद्यानें कर्जबाजारी इस्टेटी विकण्याकरितां निराळें न्यायासन नेमलें होतें. त्याच्या मार्फत मार्टिनांची जमीन 'लॉ लाइफ' कंपनीच्याच पदरीं पडली. १८७२ सालीं ती लंडनच्या रिचर्ड बेरिज यानें विकत घेतली. पुढें जमीन-खरेदीच्या कायद्यांनीं आयर्लंडांतील बहुतेक कुळें स्वतः मालक झालीं. बॅलिनाहिंचचा वाडा १९२४ सालीं नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी यांनीं घेतला, व १९३३ मध्यें त्यांचा अंत होईपर्यंत तो त्यांजकडे होता. आयर्लंडची लोकसंख्या मात्र १८४१ सालीं ८१ लक्षांवर होती, ती १८५१ सालीं सुमारें ६५ लक्षांवर आली. दहा लक्षांच्या सुमारास माणसें मेलीं, आणि तितकीं किंबहुना अधिकच देश सोडून गेलीं.

सभ्य गृहस्थहो, मार्टिनांस निर्दय कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु त्यांचा खंड, त्यांचें व्याज व त्यांचें दान हीं तिन्ही एकाच पिकावर टांगलेलीं होतीं. ज्या वर्षीं दानाची गरज सर्वांत अधिक, त्याच वर्षीं दात्याचें घर रिकामें. एका घराच्या दयेवर सबंध मुलखाचा जीव ठेवूं नये, हा यांतला बोध. आणि याचें दुसरें अंगहि त्याच दुष्काळांत दिसून आलें. जानेवारी १८४६ मध्यें कलकत्त्यास आयर्लंडसाठीं फंड उभारला गेला, व त्यांत थोड्याच महिन्यांत सुमारें १४,००० पौंड जमले. पाऊस-पाण्याशीं व बटाट्याशीं ज्यांचा संबंध नव्हता, अशा दूरच्या लोकांचा तो पैसा होता, म्हणूनच तो त्या वेळीं उपयोगीं पडला. डब्लिनच्या क्वेकर मंडळींनीं नोव्हेंबर १८४६ मध्यें समिति स्थापून अन्न, कपडे व बियाणें वांटलें, आणि १८५२ सालीं आपल्या कामाचा सविस्तर अहवाल छापून लोकांपुढें ठेविला. पैशाचा हिशेब दिला, म्हणून विश्वास मिळाला. विश्वास मिळाला, म्हणून पैसा आला.

तेव्हां व्यापाऱ्यांस आमची विनंति ही कीं, ज्या गांवीं आपला गल्ला नाहीं, त्या गांवासाठींहि द्यावें. तेथील सावकार व जमीनदार त्या वर्षीं देण्यास समर्थ नसतात. जमीनदारांस विनंति ही कीं, आपलें ऋण सुकाळांत फेडावें व कुळाची सूट पीक जातांच जाहीर करावी. घर गहाण पडल्यावर दाखविलेली दया कुळापर्यंत पोंचत नाहीं. आणि सर्वांस विनंति ही कीं, जें द्याल तें एकत्र द्यावें व त्याचा हिशेब मागावा. टॉमस मार्टिननें प्राण दिला, तो थोर खराच. परंतु त्याच्या कुळांस त्या वर्षीं धान्य हवें होतें. तें वेळेवर पोंचविणें अनेकांच्या हातांनींच होतें, इतकें सांगून आम्ही आपली रजा घेतों.