डब्यातील बळ आणि ताटातील बळ

(कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



गेल्या काही वर्षांत आपल्या अनेक घरांत एक नवा डबा आला आहे : प्रथिनांच्या भुकटीचा. पूर्वी तो पीळदार शरीर कमावू पाहणाऱ्या तरुणांपुरता होता. आता वजन उतरावे म्हणून व्यायामशाळेत नाव घातलेले पंचेचाळिशीतील गृहस्थ आणि गृहिणीही तो घेतात. त्याने वजन उतरते का, एवढाच आजचा विषय.

या भुकटीला विष म्हणणे जसे अज्ञानाचे, तसेच अमृत म्हणणेही. तिचा सर्वाधिक खपणारा प्रकार म्हणजे चीज तयार करताना उरणारी निवळी वाळवून केलेला पदार्थ होय. वजन घटताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पुरेशी प्रथिने आणि जोर-बैठकांसारखा बळाचा व्यायाम, ही जोडी ती झीज पुष्कळशी रोखते. पोटही अधिक वेळ भरलेले राहते. एवढे श्रेय प्रथिनांना दिलेच पाहिजे.

हिशेब चुकतो तो पुढे. एका मापातून 20 ते 25 ग्रॅम प्रथिने मिळतात, तसेच सुमारे 120 उष्मांकही. तेच माप पेलाभर दुधात केळे घालून घेतले की आकडा 350च्या पुढे जातो. 70 किलो वजनाचा मनुष्य तासभर झपझप चालला, तर साधारण 300 उष्मांक खर्च करतो. सकाळी घाम गाळून मिळवलेले एका पेल्यात गमावले! भुकटी एखाद्या खाण्याच्या जागी आली तर उपयोगी. खाण्यावर चढवली तर वजन वाढणारच.

मग गरज किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम हे प्रमाण दिले. 70 किलोच्या मनुष्याला 58 ग्रॅम. व्यायाम करून वजन घटवणाऱ्यास थोडी अधिक. याच संस्थेने 2024च्या मार्गदर्शक तत्त्वांत, शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळाव्यात, असे सांगितले आहे.

आता आपले ताट पाहा. 50 ग्रॅम फुटाण्यांत सुमारे 10 ग्रॅम, पेलाभर दुधात 8, दोन वाट्या घट्ट वरणात 14, वाटीभर उसळीत 7, चार पोळ्यांत 12 आणि वाटीभर दह्यात 5. बेरीज 56! अधिक हवे त्याला पनीर, सोयाबीन आहे. ज्यांना चालतात त्यांना अंडी. आपल्या घरांत उणीव भुकटीची नाही. आमटी पातळ आणि भाताचा डोंगर मोठा, ही खरी अडचण आहे.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. मधुमेह वा रक्तदाब असलेल्या अनेकांना आपले मूत्रपिंड थकले आहे, याची जाणीवच नसते. अशांना प्रथिनांचा अतिरेक घातक ठरू शकतो. त्यांनी डबा उघडण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन व लघवी तपासून वैद्यकीय सल्ला घ्यावा. इतरांनीही डब्यावर 14 अंकी अन्नपरवाना क्रमांक आहे ना, हे पाहावे.

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली उभे राहिले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. ही परंपरा आपली आहे, पण परंपरेच्या नुसत्या अभिमानाने पोट उतरत नाही. त्यासाठी रोज पहाटे उठावे लागते. शरीर समाजाच्या कामी यायचे आहे. उद्यापासून वरण घट्ट करा, भात एक मूद कमी वाढा आणि घरातील सर्वांनी मिळून सूर्यनमस्कार घाला. डब्याचा विचार त्यानंतर करू.