पंचनाम्यातले पंच

'पंचनामा' या शब्दातला 'पंच' संस्कृतातून आला आणि 'नामा' फारसीतून. या दोन भाषांनी मिळून सरकारी कारभाराला एक अट घालून दिली. जे लिहायचे ते चारचौघांसमक्ष लिहायचे. अतिवृष्टीच्या मदतीचा विचार करताना मला ही अट वारंवार आठवते.

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी आणि पुराने हाहाकार केला. सोयाबीन कुजले, कापूस गेला, कित्येकांच्या शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. 7 ऑक्टोबर 2025 रोजी राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. आकडा मोठा होता, वृत्तपत्रांत ठळक छापून आला. पण शेतकरी वाट पाहतो ती त्याच्या स्वतःच्या आकड्याची. आणि तो आकडा कसा ठरला, हे त्याला क्वचितच कळते.

खरे तर हिशेब अवघड नाही. तेव्हाच्या आपत्ती मदतीच्या निकषांप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500. मात्र नुकसान निदान 33 टक्के असले पाहिजे. म्हणजे 60 आर कोरडवाहू सोयाबीन बुडाले, तर 5,100 रुपये. त्या पॅकेजमध्ये रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी 10,000 रुपयांची वेगळी भरही होती. आता खात्यात रक्कम जमा झाली, तर ती पिकाची की रब्बीची? पूर्ण की अर्धी? मोबाइलवरचा एका ओळीचा संदेश हे सांगत नाही.

आणि ज्याला काहीच मिळाले नाही, त्याचे काय? एकाच बांधाच्या अलीकडे 35 टक्के लिहिले गेले आणि पलीकडे 30, तर पलीकडच्याच्या पदरात शून्य पडते. कदाचित दोन्ही नोंदी खऱ्या असतील. पण कागद कुणी दाखवला नाही, तर गावात कुजबुज सुरू होते. अमक्याची ओळख होती, तमक्याने हात ओले केले. पाणी ओसरते, पण बांधावरचा अबोला वर्षानुवर्षे राहतो. लपवलेली यादी प्रामाणिक तलाठ्यालाही बदनाम करते.

पूर्वी सरकारचा हुकूम दवंडी पिटून साऱ्या गावाला एकदम कळे. आजचा संदेश ज्याच्या त्याच्या खिशात वाजतो. पैसे थेट खात्यात येतात ही चांगलीच सोय झाली. मधले हात कमी झाले. पण त्याबरोबर गावाची साक्षही कमी झाली.

राजस्थानात 1994 साली मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या सुरू केल्या. सरकारी कामांची हजेरीपत्रके आणि बिले भर गावात मोठ्याने वाचली गेली. ऐकणाऱ्यांनीच त्यातले खरेखोटे सांगितले. अशा धडपडीतून पुढे 2005 चा माहिती अधिकार कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमानुसार अनुदान योजनांचे लाभार्थी आणि रकमा कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता सरकारने आपणहून जाहीर करायच्या असतात. मदतीच्या वाटपालाही हाच न्याय लावायला हवा.

म्हणून मागणी साधी आहे. यादी चावडीवर लावा आणि ग्रामसभेत वाचा. नाव, गट क्रमांक, क्षेत्र, पीक, नुकसानीची टक्केवारी, दर आणि रक्कम एवढे रकाने पुरेत. वगळलेल्यांचीही यादी कारणासह लावा, आणि हरकतीसाठी मुदत द्या. आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल हे मात्र झाकून ठेवा. ती ज्याची त्याची खासगी बाब आहे. सार्वजनिक तिजोरीतून गेलेली रक्कम खासगी नाही.

कुणी म्हणेल, गरिबाची मदत अशी चव्हाट्यावर का आणायची? पण ही खैरात नव्हे. खैरात गुपचूप द्यावी, असे थोरांनी सांगितले आहे. हक्क मात्र उजेडात द्यावा, म्हणजे घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.