आधी अर्थिंग, मग कंप्यूटर



पुण्याहून सोलापूरकडे निघालं, की यवतच्या पुढं आणि चौफुल्याच्या अलीकडं आमचं भांडगाव लागतं. सकाळच्या वेळी इथं हायवेच्या कडेला थोडं थांबून बघा. मारुतीच्या इको गाड्यांची रीघ दिसेल. कुणी शाळेची पोरं घेऊन यवत-केडगावला निघालेला असतो, कुणी कामगारांना पाळीवर सोडायला, तर कुणाच्या मागच्या बाजूला भाजीचे क्रेट. या गाडीवर एकेक घर चालतं. ती भर रस्त्यात बंद पडली, तर मागून उसाच्या ट्रॉल्या आणि मोठे कंटेनर येत असतात. म्हणून गाडी अशी बंद पाडणाऱ्या एका बिघाडाबद्दल मला कळकळीनं बोलायचं आहे.

तक्रार ठरलेली असते. गाडी सकाळी झकास चालते. इंजिन तापलं की मिसिंग मारते, झटके खाते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. दोन-तीन गॅरेज फिरून झाली, प्लग बदलले, फिल्टर बदलला, की कुणीतरी सांगतं, “कंप्यूटर गेलाय.” मालकाला धडकी भरते, कारण हा भाग महाग.

हा कंप्यूटर, म्हणजे ईसीएम, इंजिनात पेट्रोल कधी आणि किती मारायचं, ठिणगी कधी टाकायची, हे ठरवतो. क्रँक किती वेगानं फिरतोय, इंजिन किती तापलंय, हवा किती आत येतेय, धुरात ऑक्सिजन किती उरलाय, हे सगळं सेन्सर त्याला कळवतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुती व्हॅनचं इंजिन मिस्त्री कानानं ऐकून लावायचे. पुढं धुराचे नियम कडक होत गेले. बीएस-४ नियम एप्रिल २०१० मध्ये आधी १३ शहरांत आले. आपल्या या रस्त्याची दोन्ही टोकं, पुणे आणि सोलापूर, त्या यादीत होती. २०१७ मध्ये ते देशभर लागू झाले आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६. एवढ्या बारीक हिशेबाचं काम कार्ब्युरेटरला जमणारं नाही. कंप्यूटर आला तो त्यासाठी, आणि तो सहसा लवकर मरत नाही.

विहिरीवरची मोटार उचलली नाही, तर आपण ती लगेच रिवाइंडिंगला टाकतो का? आधी स्टार्टरवर तिन्ही फेज आल्यात का ते बघतो. इथंही तसंच करायचं.

चावी फिरवली की मीटरमधला चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे, आणि गाडी चालू झाली की विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर कंप्यूटरला करंटच पोचत नसण्याची शक्यता मोठी. फ्यूज बघा, मेन रिले बघा. मग स्कॅनर. स्कॅनर जोडला जात नाही, एवढ्यावरून कंप्यूटर मेला असं म्हणता येत नाही. स्कॅनर ज्या सोळा पिनांच्या सॉकेटला जोडतात, त्यात चार आणि पाच नंबरला अर्थ असतो, सोळा नंबरला बॅटरीचा करंट. तिथंच काही नसेल तर स्कॅनर बिचारा काय बोलणार? आणि स्कॅनरवर बिघाडाचा कोड आला तरी तो कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. पी ०३३५ आला तर क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच कळतं. त्यात सेन्सर आला, तार आली, कपलरही आला.

या क्रँक सेन्सरनं फार लोकांना फसवलंय. तापला की सिग्नल द्यायचा थांबतो, गार झाला की पुन्हा देतो. हुबेहूब कंप्यूटर गेल्याची लक्षणं. गाडी बंद पडलेली असतानाच सेन्सरवर ओलं फडकं ठेवा. थोड्या वेळात गाडी चालू झाली, तर हजारो रुपयांची खरेदी टळू शकते.

आता अर्थिंग. मिस्त्री कंप्यूटरच्या करंट-अर्थच्या तारांना मीटर लावतो, बारा व्होल्ट दिसतात, आणि तो म्हणतो सगळं ठीक आहे. पण तारेची एकच काडी शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्टच दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. म्हणून त्या तारेवर एकवीस वॅटचा बल्ब लावून बघा. तो लख्ख पेटला तर तार चांगली. मिणमिणला तर दोष तिथं. स्टार्टर मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि कंप्यूटरची अर्थ पिन यांच्यात मीटर लावा. फरक साधारण एक दशांश ते दोन दशांश व्होल्टच्या आत हवा. गंजलेला एखादा अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट केला, आणि ‘गेलेला’ कंप्यूटर जिवंत झाला, असं होतं.

पुढची तपासणी पाच व्होल्टची. कंप्यूटर बऱ्याच सेन्सरांना पाच व्होल्ट पुरवतो. त्यातला एक सेन्सर शॉर्ट झाला, की ते पाच व्होल्ट सगळीकडचेच जातात आणि कंप्यूटर मेल्यासारखा वाटतो. एकेक कपलर काढत जा. कुठला काढल्यावर पाच व्होल्ट परत आले, तो गुन्हेगार.

तारांचा जाच आपल्याकडं जरा जास्तच. ऊस तुटून गेला की फडातले उंदीर वस्तीकडं येतात आणि उभ्या गाडीच्या गरम इंजिनाशेजारी बसून वायरिंग कुरतडतात. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल, तर इंजेक्टरच्या तारा कापून मध्ये जोड दिलेले असतात. त्या जोडांवरची टेप आधी सोडून बघा.

हे सगळं झालं, करंट आणि अर्थ पक्के आहेत, सगळे सेन्सर काढूनही पाच व्होल्ट येत नाहीत, किंवा सिग्नल बरोबर येतोय, तारही शाबूत आहे आणि तरी एकाच इंजेक्टरला हुकूम जात नाही, तर मात्र कंप्यूटरच गेलाय. पी ०६०६ सारखा आतल्या बिघाडाचा कोडही साथ देतो. पण तेव्हाही लगेच नवा बसवू नका. जुना कशानं मेला ते शोधा. इग्निशन कॉइल आतून शॉर्ट असेल, तर तिनं कंप्यूटरमधला ट्रान्झिस्टर जाळलेला असू शकतो, आणि ती तशीच ठेवली तर नवाही जाळेल. बॅटरी न काढता कॅरिअरला किंवा सीटला वेल्डिंग केलं होतं का? जंप स्टार्ट करताना केबल उलटी लागली होती का? धुताना प्रेशरचं पाणी आत गेलं होतं का? हे मालकाला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि मालकानंही लपवू नये.

बदलताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. जुन्यावरच्या लेबलचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. भंगारातली पेटी दिसायला सारखी असते, पण आतलं सॉफ्टवेअर वेगळं असू शकतं. इमोबिलायझर असेल, तर चावीची ओळख नव्या कंप्यूटरला करून द्यावी लागते, नाहीतर गाडी चालूच होत नाही. ते प्रोग्रॅमिंग कोण करणार आणि त्याचे पैसे वेगळे का, हे पार्ट घेण्याआधीच विचारून घ्या. जुना कंप्यूटर गॅरेजमध्ये सोडू नका. नुसता कपॅसिटर गळालेला किंवा सोल्डरला तडा गेलेला असेल, तर तो दुरुस्त होऊ शकतो.

आणि गाडी ताब्यात घेतली की लगेच पोरं बसवू नका. मिस्त्रीला शेजारी बसवून रिकामी गाडी पाटसपर्यंत न्या, इंजिन पुरतं तापू द्या, तिथं बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा, मग परत आणा. पहिल्यांदा ती तापल्यावरच बंद पडत होती.